नवं ते सोनं? जळगावकरांना विचारा!

कुठला फोन घेऊ, कुठलं ॲप टाकू, विंडोज की लिनक्स? प्रत्येक घरात एक तरी 'फुकटातला आयटी डिपार्टमेंट' असतोच. आमच्या घरात तो डिपार्टमेंट म्हणजे मी. पण खरा फंडा मला शिकवला तो धुळ्याच्या मामांनी. तोही त्यांच्या वीस वर्षं जुन्या कॉम्प्युटरवरून!

परवा एका लग्नात वरण-बट्टीच्या पंगतीला बसले होते. शेजारच्या काकूंनी बट्टी चुरता चुरता विचारलंच, "काय गं, वीस हजारात कुठला मोबाइल चांगला?" समोरचा चुलतभाऊ लगेच कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलवर सुरू झाला. मी आपलं विचारलं, "काकू, तुमच्या घरात दुपारी किती गरम होतं?" पंगतीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आधीच सांगून टाकते, मी आयटीवाली नाही. जळगावात एका कंपनीत अकाउंट्स बघते. एक्सेल उघडते, जीएसटी भरते, सहाला घरी येते. पण घरातला वायफाय बंद पडला की हाक मला, आत्याचं फेसबुक हॅक झालं की फोन मला. त्यामुळे या विषयावर माझी काही मतं तयार झाली आहेत. ती पुण्या-मुंबईच्या रिव्ह्यूत मिळणार नाहीत, कारण ते रिव्ह्यू एसीत बसून लिहिलेले असतात.

पारा ४५, फोन गरम

मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ला सहज टेकतो. आयफोन वापरताना भोवतालचं तापमान ० ते ३५ अंश असावं, असं ॲपल स्वतःच सांगतं. म्हणजे एप्रिल-मेच्या दुपारी रिंगरोडवर उभं राहून रील बनवणं हे कंपनीच्या नियमातच बसत नाही, बॉस! लिथियमची बॅटरी उन्हात तापली की तिचं आयुष्य कमी होतं. त्यात ती चार्जिंगला लावलेली असली तर आणखी वाईट. म्हणून माझा पहिला नियम साधा आहे : फोन घेताना कॅमेरा नंतर, बॅटरी आधी. चार्जिंग रात्री किंवा पहाटे. गाडीच्या डॅशबोर्डवर फोन ठेवायचा नाही म्हणजे नाही.

माझा फोन २०२१चा आहे. दोन वर्षांपूर्वी नवीन फोन घ्यायला म्हणून गोलाणी मार्केटमध्ये गेले आणि जुन्यातच नवी बॅटरी टाकून परत आले. मैत्रिणी हसल्या. वाचलेल्या पैशात मी घरातला इन्व्हर्टर बदलला, तेव्हा आई हसली. भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक वीज केंद्र, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात २०१३ साली सुरू झालेला महाजनकोचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प. तरी दोन हजारच्या दशकात आम्ही दहावीचा अभ्यास लोडशेडिंगमध्येच केला. त्या काळी नोकिया ११०० हा आमच्या घरातला सगळ्यात हिट फोन होता, तो फक्त त्याच्या टॉर्चमुळे. लोक गरजेप्रमाणे वस्तू निवडतात, जाहिरातीप्रमाणे नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

खिशात पाचशेची नोट

दुसरं मत पैशाचं. डिजिटल पेमेंट मला जाम आवडतं. आणि का आवडू नये? आधार क्रमांक देशात पहिल्यांदा वाटले गेले ते आमच्या खान्देशातच, नंदुरबारजवळच्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी. (नंदुरबार १९९८पर्यंत धुळे जिल्ह्यातच होतं, म्हणून धुळेकर त्याचं क्रेडिट अजून घेतात!) २०१६ साली यूपीआय आलं आणि आता भरिताच्या गाडीवरही कोड चिकटवलेला असतो. तरी माझ्या पर्समध्ये पाचशेची एक नोट घडी करून ठेवलेली असतेच. एरंडोल-पारोळ्याच्या मध्ये कुठेतरी ढाब्यावर शेवभाजी खाऊन झाल्यावर नेटवर्क गेलं, की त्या नोटेची किंमत कळते. सोय वापरायची, पण तिच्या भरवशावर उपाशी राहायचं नाही. हे सगळं तुम्हालाही माहीत असेल. पण सॉफ्टवेअरच्या बाबतीत हीच अक्कल मला उशिरा आली. त्याची गोष्ट मोठी आहे.

मामांचा कॉम्प्युटर

माझे मामा धुळ्याला राहतात, जुन्या गावात, नंबरच्या गल्लीत. कॅप्टन ब्रिग्जने १८१९ साली आखलेलं हे शहर, त्यामुळे पत्ता सांगणं सोपं. मामा शाळेत मराठी शिकवायचे. २००३ला रिटायर झाले आणि त्यांनी एकच ध्यास घेतला : अहिराणी शब्दांचा कोश. शिंदखेडा, साक्री, शिरपूर, अमळनेर, चाळीसगाव, जिथे जातील तिथे वही काढायचे. एसटीत शेजारी बसलेल्या आजीला विचारायचे, "हाई कसाले काय म्हणतस?" आणि लगेच लिहून घ्यायचे. शब्द, अर्थ, गाव, वापरलेलं वाक्य. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०७ सालच्या खंडात खान्देशीचा समावेश आहे, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. २०११च्या जनगणनेत खान्देशी ही मातृभाषा सांगणारे १८ लाखांहून अधिक लोक होते. मामांचं म्हणणं एवढंच की त्यातले निम्मे शब्द त्यांच्या नातवंडांना येणार नाहीत.

२००४ मध्ये त्यांनी असेंबल्ड कॉम्प्युटर घेतला. भला मोठा मॉनिटर, वर क्रोशाचं कव्हर. साठीच्या उंबरठ्यावर एमएस-सीआयटी केलं. त्या काळी मराठी टाइप करायचं म्हणजे डीटीपीवाल्यांचं सॉफ्टवेअर लागायचं. मामांनी चांगले पैसे मोजून ते रीतसर विकत घेतलं. सोबत एक छोटा डोंगल मिळाला, तो कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या जागी खोचायचा. तो नसला तर सॉफ्टवेअर चालायचं नाही. मामा तो डोंगल देवघरात ठेवायचे. खरंच!

बारा वर्षं त्यांनी टाइप केलं. साडेपाच हजारांच्या वर नोंदी झाल्या. मग मोतीबिंदू झाला, ऑपरेशन झालं, काम मागे पडलं. २०१६च्या दिवाळीत मामींनी आवराआवर काढली आणि विचारलं, "अहो, या वह्यांचं काय करायचं?" मामा म्हणाले, "कॉम्प्युटरमध्ये आहे सगळं. दे रद्दीत."

तुमच्या लक्षात आलं असेल पुढे काय झालं ते.

"मनं बठ्ठं गयं!"

२०२३च्या मेमध्ये मामांनी पुस्तक छापायचं मनावर घेतलं. कॉम्प्युटर सुरू केला, तर तो मेलेला. दुकानदाराने हार्ड डिस्क काढली, डेटा सगळा शाबूत निघाला. नव्या मशीनवर कॉपीही करून दिला. मामा खूश. फाइल उघडली. स्क्रीनवर नुसती इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं, उलटी प्रश्नचिन्हं, डोक्यावर टिंबं असलेले ए आणि ओ. अहिराणीचा एक शब्द नाही. जुनं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालेना आणि डोंगल खोचायला मागे तसलं भोकच नव्हतं.

मला फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. मामा एरवी माझ्याशी शुद्ध मराठीत बोलतात. त्या दिवशी ते फक्त म्हणाले, "मनं बठ्ठं गयं, बेटा." माझं सगळं गेलं.

शनिवारी पहिल्या एसटीने धुळ्याला गेले. ९० किलोमीटरभर मी फोनवर एकच गोष्ट वाचत होते : फॉन्ट म्हणजे काय. इतकी वर्षं कॉम्प्युटर वापरून मला हे माहीत नव्हतं. तुम्हाला तरी आहे का?

प्रकार असा असतो. जुन्या मराठी फॉन्टमध्ये कॉम्प्युटरला मराठी कळतच नसे. तो इंग्रजी अक्षरच साठवायचा, फक्त त्या अक्षराच्या जागी पडद्यावर 'क' किंवा काना-मात्रेचं चित्र दाखवायचा. प्रत्येक कंपनीने कुठल्या अक्षराच्या जागी कुठलं चित्र ठेवायचं ते आपापलं ठरवलेलं. फॉन्ट गेला की चित्र गेलं, खालची इंग्रजी खिचडी उघडी पडली. युनिकोडमध्ये तसं नाही. तिथे 'क'ला जगभर एकच क्रमांक असतो, फॉन्ट कुठलाही असो. आणि गंमत म्हणजे देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे! विंडोज २००० मध्ये तर मंगल नावाचा युनिकोड फॉन्टही आला होता. म्हणजे मामांनी कॉम्प्युटर घेतला तेव्हा योग्य रस्ता अस्तित्वात होता. पण क्लासमध्ये, दुकानात, प्रेसमध्ये सगळीकडे जुन्या फॉन्टचीच चलती होती. कोणी सांगितलंच नाही.

धुळ्यातच इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाने १९२७ साली स्थापन झालेलं संशोधन मंडळ आहे. तिथे शेकडो वर्षं जुनी कागदपत्रं जपली आहेत. मोडी येणारा माणूस ती आजही घडाघडा वाचतो. आणि माझ्या मामांची २००४ सालची फाइल २०२३ मध्ये कोणाला वाचता येईना. त्या दिवशी मामा त्या मशीनसमोर खुर्ची टाकून नुसते बसून होते. मामींनी केलेली कळण्याची भाकरी तशीच राहिली. वह्यांचा विषय कोणीच काढला नाही, पण मामी सारख्या त्या रिकाम्या फळीकडे बघत होत्या.

एक्सेल झिंदाबाद

वाचवलं कोणी, तर आग्रा रोडमागच्या एका डीटीपीवाल्याने. लग्नपत्रिका छापणारा माणूस. त्याच्याकडे कोपऱ्यात विंडोज एक्सपीचं एक धूळखात पडलेलं मशीन होतं, मागे जुना पोर्ट असलेलं. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ रोजी बंद केला, पण या बाबाने मशीन विकलं नव्हतं. "जुनी गिऱ्हाइकं येतात ना ताई," म्हणाला. देवघरातला डोंगल खोचला, सॉफ्टवेअर टाकलं आणि पडद्यावर अहिराणी उमटली. मामांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. आम्ही पहिलं काम केलं ते छापायचं. दोनशेच्या वर पानं कागदावर आली. कागद हातात आल्यावर मामा जेवले.

पण कागदावरून पुस्तक होत नाही. फाइल युनिकोडमध्ये आणायला हवी होती. इंटरनेटवर फुकट कन्व्हर्टर बरेच आहेत, पण मामांचा फॉन्ट नेमका कुठल्याच यादीत बसेना. मग मी मला जे येतं तेच केलं. एक्सेल उघडलं! एका रांगेत खिचडीतलं चिन्ह, शेजारी त्याचं खरं मराठी अक्षर. छापील पानं समोर ठेवून जोड्या लावत गेले. जवळजवळ दोनशे ओळी झाल्या. मग 'शोधा आणि बदला'. जोडाक्षरं आधी, साधी अक्षरं नंतर, नाहीतर सगळा गोंधळ.

तरी दोन जागी जाम अडले. एक म्हणजे पहिली वेलांटी. आपण ती अक्षराच्या आधी काढतो, जुन्या फॉन्टमध्ये आधीच टाइप व्हायची. युनिकोडमध्ये आधी अक्षर, मग वेलांटी. म्हणजे प्रत्येक 'कि' उलटा करायचा. आणि दुसरं म्हणजे ऱ्ह. अहिराणीत 'काय करी ऱ्हायना?' हे वाक्य दिवसातून पन्नास वेळा येतं. माझ्या टेबलाने प्रत्येक 'ऱ्हायना'चा 'र्हायना' करून ठेवला, रफार थेट 'हा'च्या डोक्यावर! मामा म्हणाले, "हाई तं आपलं नई." त्यासाठी नुक्त्याचा वेगळा र लागतो, हे शोधायला मला तीन शनिवार लागले.

मग शब्द अकारविल्हे लावले, तर ळ जाऊन बसला ल च्या शेजारी. मराठीत तो ह नंतर येतो, हे मी विसरले होते, मामा नाही. सॉर्ट करताना भाषा 'मराठी' निवडली तेव्हा ळ आपल्या जागी गेला. ल आणि श हिंदी वळणाचे दिसत होते, त्यावरही आक्षेप. मराठी वर्णमालेतल्या ल आणि श च्या वळणाबद्दल राज्य शासनाचा ६ नोव्हेंबर २००९चा निर्णय आहे, हे मामांना तोंडपाठ! मराठी वळणाचा फुकट फॉन्ट शोधला, तेव्हा कुठे साहेब खूश झाले. इथे युनिकोडची मजा बघा : फॉन्ट बदलला, पण मजकुराला धक्का लागला नाही.

माले की मला?

टाइपिंग मामांना आता झेपत नाही. म्हटलं, बोलून लिहा. मामांनी फोन तोंडासमोर धरला आणि म्हणाले, "माले." फोनने लिहिलं, "मला." ते म्हणाले, "आंडोर." फोनने 'अंदर' लिहिलं. पाचव्या वेळी मामा फोनवर वर्गातल्यासारखे ओरडले. मामी हसून हसून बेजार. फोनचं तरी काय चुकलं? तो प्रमाण मराठी शिकून आलाय. पण असंच सगळ्यांचं टाइपिंग 'सुधारत' गेलं, तर 'माले' लिहिणार कोण? म्हणून आमच्या घरच्या फोनवर मी ऑटोकरेक्ट बंद केलंय. छोटी गोष्ट आहे, पण मला महत्त्वाची वाटते.

बहिणाबाई आमच्याच, जळगावजवळच्या आसोद्याच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या म्हणत गेल्या आणि घरातल्यांनी कागदावर उतरवून घेतलं. १९५१ मध्ये त्या गेल्या, पुस्तक आलं १९५२ मध्ये. आता इथलं विद्यापीठही त्यांच्या नावाचं आहे. घरात तेव्हा कोणी वही काढलीच नसती तर? 'बॅकअप' हा शब्द ऐकला की मला हल्ली तीच वही आठवते.

त्यामुळे आम्हीही जुन्याच पद्धतीवर आलो. शनिवारी मी धुळ्याला जाते. मामा बोलतात, मी टाइप करते. इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकले त्यासाठी. पंधरा दिवस बोटं रडतात, मग वेग येतो. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. मामांच्या टेबलावर सेकंडहँड लॅपटॉप आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि त्या बिचाऱ्यावर विंडोज ११ बसत नव्हतं. त्याला भंगारात काढायच्या ऐवजी लिनक्स टाकलं, सोबत लिबरऑफिस. दोन्ही फुकट. मामांना फरक कळला नाही. एवढंच विचारलं, "याले डोंगल लागस का?"

माझे सात साधे नियम

• फोन : बॅटरी बदलून मिळते का आणि अपडेट किती वर्षं मिळणार, हे विचारा. मेगापिक्सेल शेवटी.

• मराठी फक्त युनिकोडमध्ये. ऑफिसात कोणी जुन्या फॉन्टची फाइल पाठवली, तर गोड बोलून परत पाठवा.

• घरातल्या जुन्या सीडी, फ्लॉपी, पेनड्राइव्ह याच महिन्यात उघडून बघा. उघडतंय तोवर कन्व्हर्ट करा.

• एक प्रत कॉम्प्युटरवर, एक पेनड्राइव्हवर, एक क्लाउडवर. क्लाउड कायम फुकट राहील असं धरू नका. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ला बंद झाली.

• व्हॉट्सॲपवर महत्त्वाचा फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. नाहीतर आकार आणि तपशील दोन्ही कमी होतात.

• ॲप निवडताना आधी बघा, त्यातून आपला डेटा बाहेर काढता येतो का. आत जायची दारं सगळीकडे असतात.

• वह्या रद्दीत देऊ नका. कधीच नाही.

आणि कोश?

साडेपाच हजारांपैकी चार हजार आठशे नोंदी स्वच्छ झाल्या आहेत. बाकीच्या चालू आहेत. त्यातल्या चाळीस-एक नोंदी अशा आहेत की छापील पानावरही अक्षरं फुटलेली आहेत आणि मामांनाही आता आठवत नाही. मूळ वही असती तर दोन मिनिटांत कळलं असतं. तिथे आम्ही प्रश्नचिन्ह टाकलंय. मामा शिरपूरकडच्या ओळखीच्या म्हाताऱ्या माणसांना फोन लावतात, अर्धा-अर्धा तास बोलतात. कधी शब्द मिळतो, कधी फक्त तब्येतीच्या गप्पा. गेल्या महिन्यात दोन प्रश्नचिन्हं कमी झाली.

जळगावला सोन्याचं गाव म्हणतात. इथला सराफ दागिना हातात घेतला की आधी तो नवा की जुना हे विचारत नाही, कस लावून बघतो. फोन आणि सॉफ्टवेअरच्या बाबतीत माझी कसोटी आता एकच आहे : वीस वर्षांनी हे उघडेल का?

त्या लग्नातल्या काकूंनी शेवटी मोठ्या बॅटरीचा साधा फोन घेतला. परवा त्यांचा मेसेज आला, मराठीत. "छान चालतो. आता त्यातले यांचे जुने फोटो कसे जपायचे ते सांग." रविवारी येते म्हटलं. शनिवार धुळ्याला बुक आहे.